बळूअण्णाचा ‘नको’

बसा मंडळी, बसा! मागचे पुढं या. पुढची सतरंजी रिकामी सोडून भिंतीला टेकायला धावायचं, ही आपली जुनी खोड! या आजी. गुडघे दुखतात? मग खुर्ची घ्या की. देवाला खुर्चीचा राग येत नाही, राग येतो तो शेजारणीलाच!

हं. मघापर्यंत आपण दानाबद्दल बोललो. द्यावं, देत राहावं, देणाऱ्याचा हात वर असतो — सगळं मान्य. आता एक प्रश्न टाकतो. कुणी प्रेमानं दिलं, अगदी डोळ्यांत पाणी आणून दिलं, आणि समोरचा म्हणाला, ‘नको.’ तर मंडळी, पाप कुणाला लागलं? नाकारणाऱ्याला? काकू मान हलवतायत — नाकारणाऱ्यालाच! बरं काकू, मग ऐका.

हरळेवाडी नावाचं गाव होतं. उसाचं गाव. चारी बाजूंना गुऱ्हाळं, हवेतच गोडी! लोकही गोड. पाहुण्याला पाण्याआधी गुळाचा खडा. गावाचा देव सिद्धेश्वर, आणि वर्षातून एकदा त्याचा भंडारा. त्या दिवशी गुऱ्हाळाची काहील घासूनपुसून चुलीवर चढायची आणि तिच्यात गव्हाची खीर शिजायची. गूळ, खोबरं, वरून तुपाची धार... शंकरबुवा, पखवाज वाजवा! नुसतं ऐकूनच तुमचे हात थांबले!

आता या भंडाऱ्याची एक रीत होती. खिरीचं पहिलं ओगराळं, म्हणजे भरलेला मोठा डाव, वाढायचं ते मगदुमांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पानात. त्यानं खायचं. दुसऱ्यांदा वाढायचं, खायचं. तिसऱ्यांदा वाढायचं, आणि पान पुसून खाल्लं की पुजाऱ्यानं घंटा वाजवायची. मग गाव जेवायला मोकळं! ‘मगदूम जेवला, देव जेवला’ — अशी म्हणच होती तिथं. कुणी घातली ही रीत? कुणाला ठाऊक नाही. मला विचाराल तर, मगदुमांचा कुणी पणजोबा त्या दिवशी फार भुकेला असणार!

त्या घराचा आजचा कर्ता पुरुष बळवंत मगदूम. गाव त्याला बळूअण्णा म्हणायचं. वय चोपन्न. वजन एकशे एकतीस किलो. हसू नका! माणूस सोन्यासारखा. कुणाचा ट्रॅक्टर अडला, अण्णा हजर. कुणाच्या मुलीचं लग्न, अण्णा मांडव घालायला हजर. आणि पंगतीला बसला की वाढणाऱ्याच्या अंगात चैतन्य! ज्याच्या घरी अण्णा पोटभर जेवला, त्याचं कार्य सुफळ झालं असं लोक मानायचे. बारसं असो, वास्तुशांत असो, अण्णाच्या पानाभोवती चार वाढपी. अण्णाला नाही म्हणता यायचं नाही असं नाही. तो म्हणायचा! पण त्या गावात ‘नको’चा हिशेब निराळा. पहिला ‘नको’ रीतीचा. दुसरा ‘नको’ लाजेचा. तिसरा ‘नको’ म्हणजे — ‘वाढ की लेका, किती वेळ लावतोस!’

आपल्या गावात असं नसतं हो. आपल्याकडं चौथाही धरत नाहीत!

अण्णाचा बाप सत्याप्पा. तोही तसाच खाणारा. छप्पन्नाव्या वर्षी भंडाऱ्याचीच खीर खाऊन देवळाच्या खांबाला टेकून बसला तो उठलाच नाही. सगळं गाव म्हणालं, ‘काय मरण! देवाच्या दारात, तोंड गोड असताना!’ बळू तेव्हा चोवीस वर्षांचा. बारा दिवस रडला, आणि पुढच्या वर्षी बापाच्या पानावर जाऊन बसला. तीन ओगराळी खाल्ली. घंटा वाजली. त्याला वाटलं, बाप कुठूनतरी बघतोय. तेव्हापासून तीस वर्षं तो त्या पानावर बसत आला.

पण शरीर कुणाच्या मानपानाला भीक घालत नाही. अण्णाला स्वतःची पावलं दिसेनात. चपलेचा पट्टा बायको लावायची. तिचं नाव गोदाक्का. घर ते देऊळ अंतर किती? हाकेचं. वाटेत तीन कट्टे. अण्णा तिन्ही कट्ट्यांवर थांबायचा, ‘काय चाललंय?’ म्हणून गप्पा मारायचा. लोकांना वाटे, काय माणूसवेडा आहे! अरे, माणूसवेडा कसला, त्याला धाप लागलेली असायची. गप्पांच्या आडून तो श्वास गोळा करायचा.

आणि एक दिवस, भर दुपारी, रिकामी ट्रॉली घेऊन येताना अण्णा चालत्या ट्रॅक्टरवर झोपला! ट्रॅक्टर बांध फोडून पाण्याच्या चारीत. नशीब, ना कुणाला लागलं ना त्याला. अण्णा खाली उतरला आणि म्हणाला, ‘इंजनच गेलं वाटतं.’ इंजिन ठणठणीत होतं, मंडळी. गाडी चालवणाराच विझत चालला होता.

पुण्याहून मुलगा आला, उदय. बापाला आणि आईला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या गावी गेला. तिथं डॉक्टर शैलजा पट्टणशेट्टी. वजनाच्या आजारावर खास शिकून आलेली बाई. हो, आजारच म्हणायची ती. म्हणाली, ‘हा आळस नाही, पापही नाही. आजार आहे, त्याला उपचार आहे.’ रक्त तपासलं, साखर बघितली, मान मोजली. मान का? अण्णाही हेच म्हणाला, ‘मान कशाला? मी काय बोकड हाय?’

‘जाड मानेत झोपेत श्वास अडतो,’ डॉक्टरीणबाई हसून म्हणाली आणि गोदाक्काकडे वळली. ‘हे झोपेत घोरतात?’

गोदाक्कानं आधी नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, ‘घोरत्यात तवर बरं असतंय. घोरायचं थांबलं की भ्या वाटतंय.’

‘म्हणजे?’

‘श्वासच थांबतोय ह्यांचा. मी मोजती. पंधरा झालं, ईस झालं... मग हालवती. परत सुरू हुतोय. दोन वर्सं झाली.’

‘मग तुम्ही झोपता कधी?’

‘दुपारी. जनावरं रानात गेली की.’

मंडळी, अण्णाला हे माहीतच नव्हतं! दोन वर्षं तो कट्ट्यावर बायकोची थट्टा करत होता — ‘आमची हिरोईन दुपारी लोळती!’ सगळे हसायचे. तीही हसायची. आज त्या खुर्चीवर बसून त्याला कळलं की ही बाई रात्ररात्र आपल्या छातीवर हात ठेवून बसते. त्याला मान वर करवेना. लाज वाटली त्याला, मनापासून लाज वाटली.

डॉक्टर म्हणाली, ‘अण्णा, स्पष्ट सांगते. असंच चाललं तर एक दिवस यांनी हलवूनही श्वास सुरू होणार नाही.’

उदय म्हणाला, ‘मॅडम, सरळ ऑपरेशन करू. पोट लहान करतात ना? माझ्या साहेबांनी केलंय.’ अण्णानं स्वतः एक उपाय शोधून ठेवला होता. एस.टी. स्टँडवर भिंतीला कागद चिकटवलेला — पंधरा दिवसांत पंधरा किलो, घरबसल्या, पावडर! त्या पावडरीचा डबा पिशवीत होताच. डॉक्टरनं डबा उलटा केला, सुलटा केला, ‘यात काय आहे ते यावर लिहिलेलंच नाही,’ म्हणाली आणि बाजूला ठेवला. मग नीट बसून तिनं समजावलं. ऑपरेशन वाईट नाही. कित्येकांना तेच लागतं, त्यानं त्यांचा जीव वाचतो. पण दुसरीही वाट आहे. पोटाला सुरी न लावता. दर आठवड्याला इथं यायचं. ताटात काय किती, ते ठरवून खायचं. गुडघ्याला झेपेल तेवढंच चालायचं. साखरेच्या गोळ्या, वजनाचं औषध, सगळं तपासून, कमीजास्त करून, मनानं काही नाही. झोपताना नाकाला लावायचं यंत्र, श्वास थांबू नये म्हणून. सहा महिने करून बघू. नाही जमलं तर पहिली वाट उघडीच आहे. ‘अण्णा, तुम्ही निवडा.’

अण्णानं क्षणात निवडली. दुसरी! उदय खूश, गोदाक्का खूश. पण का निवडली? खरं सांगू? त्याच्या मनात आलं — पोट कापलं तर भंडाऱ्याला तीन ओगराळी मावायची कुठं? ह्या वाटेनं गेलं की तेवढ्या एका दिवशी बाईचा डोळा चुकवता येईल! बघा मंडळी, माणूस औषध निवडतो तेही आजार जपून!

डॉक्टरीणबाई काही कच्ची नव्हती. निघताना म्हणाली, ‘अण्णा, ही वाट सोपी समजू नका. ऑपरेशन झालं की थोडं खाल्लं तरी पोटच बास म्हणतं. इथं औषधानं भूक कमी होईल, पण लोकांपुढं बास तुम्हालाच म्हणावं लागेल.’

अण्णा म्हणाला, ‘त्यात काय अवघड!’

सुरू झालं. अर्धं ताट भाजी, एक भाकरी, डाळ, ताक. जेवणाचा फोटो काढून रोज पाठवायचा. चौथ्याच दिवशी अण्णानं शेजारच्या सूनबाईच्या ताटाचा फोटो पाठवला! डॉक्टरचा फोन. ‘अण्णा, ताट छान आहे. पण तुम्ही हिरव्या बांगड्या कधीपासून घालता?’ त्या दिवसापासून फोटो खरे आले. श्वासाच्या यंत्राचा पहिले दोन आठवडे वैताग, मग सवय झाली. तीन महिन्यांत दहा किलो उतरलं. तीन कट्ट्यांतला एक कट्टा सुटला. गोदाक्काला दुपारची झोप कमी लागायला लागली. सगळं छान.

आणि मग आलं भाचीचं लग्न.

मुलाकडचे वाढायला उभे. जिलेबी! अण्णा म्हणाला, नको. दोन पडल्या. नको म्हणाला, चार पडल्या. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून टाकली! वर ‘मामा जेवले नाहीत तर आम्ही पानावर बसणारच नाही’ — ही धमकी! अण्णानं खाल्ली. एकदा खाल्ली की मोजतो कोण? आणि लग्न संपलं तरी खाणं संपलं नाही. मन म्हणालं, बुडालं ते बुडालं. तीन आठवडे फोटो बंद, दवाखाना बंद. लाजेनं माणूस वैद्यापासून लपतो मंडळी, आणि रोगाच्या कुशीत जाऊन बसतो.

शेवटी डॉक्टरनंच बोलावलं. अण्णा खाली मान घालून बसला. आता ओरडेल, मग ओरडेल. ती म्हणाली, ‘किती वेळा नको म्हणालात?’

‘तीनदा. देवाशपथ!’

‘कसं म्हणालात? म्हणून दाखवा.’ आणि समोर पेढ्याचा बॉक्स धरला.

अण्णा हसला, मान तिरकी केली, हात अर्धा पुढं, अर्धा मागं — ‘नको, नको, नको हो...’

डॉक्टर खळखळून हसली. ‘अण्णा, हे ऐकून मीसुद्धा वाढलं असतं!’

त्या दिवशी औषध बदललं नाही, ताट बदललं नाही. अर्धा तास त्या बाईनं अण्णाकडून ‘नको’ म्हणवून घेतला. न हसता. हात मांडीवर. एकदाच. सोपं वाटतं? म्हणून बघा घरी! चोपन्न वर्षांचा बाप्या, त्याला घाम फुटला. घरी गोदाक्का भाकरी घेऊन समोर बसायची — ‘घ्या की आणखी एक.’ ‘नको.’ ‘हसलासा! परत!’ असा रोजचा पाठ.

पाचव्या महिन्यात भंडारा आला. डॉक्टरनं सण सोडायला सांगितलं नव्हतं. म्हणाली, ‘आधी डाळ-भाजी खा, मग एक वाटी खीर. आनंदानं खा. दुसरी नाही.’ अण्णानं ठरवलं होतं, सरपंचाला आधीच सांगून टाकू. चारदा त्याच्या दारापर्यंत गेला, चहाला नको म्हणून परत आला. खिरीचं काही बोलला नाही. भीती कसली? मारतील का? नाही हो! पण तीस वर्षं ज्या पानावर बसून तो बळूअण्णा झाला, ते पान सोडलं तर उरतं कोण? हा प्रश्न त्याला खात होता.

पंगत बसली. शेपाचशे माणूस. समोर रिकामी पत्रावळ, आणि सगळ्यांचे डोळे एका पानावर. बादली घेऊन आला कल्लाप्पामामा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वाढपी, कमरेत वाकलेला, पण ह्या पानावर वाढायचा मान त्याचाच. पहिलं ओगराळं वाढलं. अण्णानं सावकाश खाल्लं. गोड लागलं, फार गोड लागलं. मामानं दुसरं उचललं.

‘नको.’

हसला नाही. हात मांडीवर. पुजाऱ्याचा हात घंटेच्या दोरीवर तसाच.

मामाचा हात वरच. सरपंच म्हणाले, ‘अण्णा, चेष्टा पुरं. माणसं खोळंबल्यात.’

‘चेष्टा न्हाई. मला नको.’

मग काय! मोहोळ उठलं! एक म्हणाला, ‘घास तुझा न्हवं, देवाचा हाय!’ दुसरा म्हणाला, ‘शिकल्याली डॉक्टरीण देव बाटवायला शिकिवती व्हय?’ तिसरा म्हणाला, ‘बापाचं नाव घालिवलंस!’ हे शेवटचं लागलं. अण्णाचे डोळे भरले. तो म्हणाला, ‘माझा श्वास थांबतोय झोपंत. दोन वर्सं ही बाई जागती माझ्यासाठी. मला अजून जगायचं हाय, मामा. मला नको.’

कल्लाप्पामामानं ओगराळं बादलीत ठेवलं. बादली खाली ठेवली. आणि मंडळी, तो म्हातारा त्या पानासमोर मटकन बसला.

‘सत्याप्पानंबी म्हटलं हुतं,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘नको. तुझ्या बानं. त्या दिवशी चारदा म्हटलं. चौथ्यांदा माझं मनगट धरलं त्यानं, घट्ट धरलं. म्हणाला, कल्लू, छातीत कसंतरी हुतंय, नको. मी हसलो. सगळी पंगत हसली. म्या म्हटलं, सोंग करतोय! आणि दुसऱ्या हातानं वाढलं.’ म्हातारा रडायला लागला. ‘तीस वर्सं कुणाला सांगितलं न्हाई. पुण्याचं मरण म्हणत हुता समदी, म्या बी म्हटलं.’

 त्या वेळच्या पंगतीत हसलेले कितीतरी म्हातारे आजही तिथं बसलेले होते. एकानंही मान वर केली नाही. अण्णा बापासाठी पुन्हा एकदा रडला, आणि या वेळी वेगळं रडला. मग उठून त्यानं मामाला हात दिला. मामा उभा राहिला, वाकत वाकत पुजाऱ्याकडे गेला, त्याच्या हातातून दोरी घेतली आणि घंटा वाजवली. एका ओगराळ्यावर! म्हणाला, ‘देव जेवला. बसा आता समदी.’

आणि गाव जेवलं. आभाळ कोसळलं नाही. त्या वर्षी ऊस बुडाला नाही, विहिरी आटल्या नाहीत.

एक ओळ सुचते, पोथीतली नाही, माझीच मोडकीतोडकी आहे:

वाढणाऱ्या हाता, कान दे रे देवा ।
नको म्हणे त्याचा, मान तू राखावा ॥

आता तुम्ही विचाराल, महाराज, अण्णा सडपातळ झाला का? छे हो! त्याला वर्ष होत आलं. एकशे आठवर आलाय. मध्ये दोन किलो वाढले, पुन्हा उतरले. साखरेची एक गोळी डॉक्टरनं कमी केली. दवाखाना चालूच आहे, चालूच राहील. बाई म्हणते, हे लग्नासारखं नाही, संसारासारखं आहे. पण परवाची गोष्ट ऐका. सकाळी ऊन अंगणात आलं तरी गोदाक्का उठली नव्हती! अण्णा घाबरला. धावत आत गेला — धावत, मंडळी! — आणि तिच्या नाकापाशी हात धरला. बाई खुशाल घोरत होती. अण्णा तिथंच उंबऱ्यावर बसला, आणि चहा त्यानंच केला.

संपली गोष्ट. पण तुम्हाला वाटलं, ही खाणाऱ्याची गोष्ट होती? आपल्यातले जाडजूड एकमेकांकडे बघून हसत होते, दिसलं मला! अहो, खाणाऱ्याला डॉक्टर भेटली. वाढणाऱ्याला कोण भेटणार? तुमच्या घरात कुणी गोळ्या घेऊन, मन मारून, तोलूनमापून जेवतोय, आणि तुम्ही म्हणता, ‘एवढ्यानं काय होतंय!’ कुणी प्यायचं सोडलंय, त्याला म्हणता, ‘आमच्यासाठी एक घोट!’ कुणाला ऑपरेशन हवंय, कुणाला नको, कुणाला औषध, कुणाला यंत्र. ते ठरवेल तो आणि त्याचा वैद्य. आपल्या हाती एकच आहे, त्यानं ‘नको’ म्हटल्यावर आपण काय करतो!

आता आरती होईल, आणि बाहेर प्रसादाची पंगत बसेल. शिरा आहे, वास येतोय मला. वाढायला मी स्वतः उभा राहणार आहे. ज्याला हवं त्यानं पोटभर मागा, लाजू नका. पण ज्यानं एकदा नको म्हटलं, त्याच्या पानावरनं मी पुढं सरकणार. काकू, तुम्हीही वाढायला या माझ्याबरोबर. एवढंच बघा, तुमच्या ओगराळ्याखाली कुणी मनगट धरलेलं असेल, तर आज हसू नका.